शिमग्याच्या दिवसांत, संगमेश्वर ते कुडाळ

शनिवार रात्र, ठाणे ते संगमेश्वर

फाल्गुन पौर्णिमेच्या पुढेमागे ठाण्याहून दक्षिणेकडे निघणाऱ्या रात्रीच्या गाडीत पर्यटक थोडे आणि गावी निघालेले चाकरमानी फार असतात. आमच्या डब्यात बाकांखाली बॅगांच्या जोडीने ढोलाची नवी पाने, निशाणाला लावायचे कापड आणि गुलालाचे पुडे होते. पनवेल येईपर्यंत सगळी चर्चा एकाच विषयावर चालली होती: कोणाला किती दिवसांची रजा मिळाली, कोणाला नाकारली गेली, आणि नाकारली गेलेल्यांपैकी कोण तरीही गाडीत बसला आहे. समोरच्या काकांनी मला विचारले, "गाव कुठलं तुमचं?" मी "पुणे" म्हणाले. त्यावर ते म्हणाले, "ते राहायचं झालं. गाव कुठलं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ सरळ उत्तर नाही. वडील बँकेत होते आणि तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली असे. जन्म नांदेडचा, शाळा सोलापूर आणि अकोल्याची, कॉलेज व नोकरी पुण्याची. आडनाव कोकणातल्या एका गावावरून आलेले आहे आणि कुलवृत्तांतात त्या गावाचा उल्लेखही सापडतो. परंतु तिथे आमचे घर, जमीन किंवा ओळखीचे माणूस गेल्या कित्येक पिढ्यांत नाही. त्या गावी या प्रवासात जायचे नाही, असे मी निघण्यापूर्वीच ठरवले होते. पडक्या जोत्यापुढे उभे राहून गहिवरणे फार सोपे असते. ज्या जागेने आपल्याकडे कधी काही मागितले नाही आणि जिला आपण कधी काही दिले नाही, तिच्याशी नाते सांगण्यात मला तथ्य वाटत नाही.

माझे कुतूहल वेगळे होते. आमच्या कार्यालयात अर्थपूर्ण जगण्यावर तज्ज्ञांची व्याख्याने होतात, ध्यानधारणेचे ॲप सर्वांना फुकट मिळते, आणि तरीही चाळिशीच्या आसपासचे बहुतेक सहकारी आपण नक्की कोणाचे आणि कशासाठी, या विचाराने आतून पोखरलेले दिसतात. त्याला अपवाद म्हणावा असा एकच सहकारी आहे. तो दर वर्षी शिमग्याला, प्रसंगी पगार कापून घेऊन, संगमेश्वर तालुक्यातल्या आपल्या गावी जातो आणि परततो तेव्हा त्याचा खांदा सुजलेला असतो. यंदा त्याने मला बोलावले आणि मी त्यापुढे आणखी काही दिवसांची रजा जोडून घेतली.

२६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेचा मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. त्याआधी गिरणगावातल्या माणसाला गावी जायचे तर एसटीत रात्र काढावी लागे, आणि त्याही पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून बोट धरावी लागे. माणूस वर्षाकाठी एकदा जाई, मनिऑर्डर मात्र दरमहा जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थंडावले, तरी चाकरमानी संपला नाही. आता तो सुरक्षारक्षक असतो, कुरिअर कंपनीत असतो किंवा आमच्यासारखा संगणकापुढे बसलेला असतो. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ वर आली. शेजारच्या सिंधुदुर्गातही घटच झाली. रत्नागिरीत त्या वेळी दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, म्हणजे घरचा पुरुष कुठे तरी बाहेर आहे, हेच त्या आकड्यातून दिसत होते. माणसे कमी होत चाललेल्या या मुलखात पालख्या मात्र थांबलेल्या नाहीत. त्या उचलायला खांदे कुठून येतात, याचे उत्तर त्या रात्री माझ्या डब्यात घोरत पडले होते.

रविवार, संगमेश्वर तालुका

ग्रामदेवतेची रूपी, म्हणजे मुखवटे, लावलेली पालखी होमाच्या दिवसापासून सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, होती आणि आता घरोघर निघाली होती. कोणत्या दिवशी कोणती वाडी आणि वाडीत कोणते घर आधी, हा क्रम ठरलेला असतो. सहकाऱ्याच्या घराची पाळी दुपारी होती. सकाळपासून अंगण सारवून झाले, तुळशीपुढे रांगोळी पडली, एरवी अकरा महिने कुलूप असलेल्या मागच्या दोन खोल्या उघडल्या गेल्या. घरात त्याचे आईवडील, मुंबई व विरारहून आलेले दोन काका, त्यांच्या सुना आणि नातवंडे अशी इतकी माणसे जमली होती की चहाचे कप दोन खेपांत फिरत होते.

पुण्यात हा माणूस बँकांसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. पालखीचा पुढचा उजवा खांदा त्याच्या घराचा आहे. आधी आजोबांचा, मग वडिलांचा, आणि वडिलांचे गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून याचा. मी त्याला विचारले की तू आला नाहीस तर पालखी अडेल का? त्याने थोडा विचार केला. "अडणार नाही, दुसरा कोणीतरी धरेल. पण विचारतील."

हे "विचारतील" मी त्या दिवसभर मनात घोळवत राहिले. पुण्यात मी एका मोठ्या गृहसंकुलात राहते. तिथे दारावरचा रक्षक, उद्वाहनातली ओळख आणि दिवाळीचा फराळ सगळे काही आहे; परंतु मी महिनाभर दिसले नाही तर कोणाचे काही अडत नाही, आणि म्हणून कोणी विचारतही नाही. त्यात कोणाचा दोष नाही. ती सोयच आम्ही पैसे मोजून विकत घेतली आहे.

पालखी आली तेव्हा ढोल-ताशाने ओटीवरची भांडी थरथरत होती. अंगणात पालखी टेकल्यावर सुवासिनींनी ओटी भरली, नारळ ठेवले गेले आणि गाऱ्हाण्याला सुरुवात झाली. हा भाग मी अगदी जवळून ऐकला. गाऱ्हाणे घालणाऱ्या वृद्ध गृहस्थांनी घरातल्या प्रत्येकाचा उल्लेख केला, आणि जे उपस्थित नव्हते त्यांचा तर ठिकाणासकट केला: विरारला आहे त्याला, बहारीनला आहे त्याला, परीक्षेमुळे येता आले नाही त्या नातीला. प्रत्येक मागणीनंतर सगळ्या अंगणातून "व्हय महाराजा!" असा होकार उठे. नोकरी लागू दे, लग्न जमू दे, दुखणे हटू दे. मागण्या अगदी साध्या होत्या, पण त्या साऱ्या वाडीसमोर मांडल्या जात होत्या, आणि कोणाच्या घरात काय अडले आहे हे सर्वांना माहीत आहे, हेही त्यातून कळत होते. मनातले सल आठवड्यातून एकदा तास ठरवून अनोळखी समुपदेशकापुढे मांडणाऱ्या माझ्यासारखीला हा प्रकार एकाच वेळी आश्वासक आणि धास्तावणारा वाटला. सगळ्यांना सगळे माहीत असण्याची किंमतही असणारच.

संध्याकाळी शेरणे काढायचे होते. कोणी तरी शेतात नारळ पुरून ठेवलेला असतो आणि पालखीने तो शोधायचा असतो. खांदेकरी कापणी झालेल्या मळ्यात धावत सुटले, थांबले, मागे फिरले, गरगर फिरले. मग एका जागी दांडा असा काही झुकला की पुढच्या दोघांचे गुडघे जमिनीला लागले. तिथे उकरल्यावर हातभर खाली नारळ निघाला. रात्री जेवताना मी सहकाऱ्याला हळूच विचारले की दांडा वाकवतो कोण? चुका शोधण्यात आयुष्य घालवलेला तो माणूस भाकरी मोडत म्हणाला, "मी ढकलत नाही, एवढं खात्रीने सांगू शकतो. बाकीच्यांना विचार."

सोमवार, तेच गाव

दुसऱ्या दिवशी पुरुषमंडळी पालखीबरोबर वरच्या वाडीत गेल्यावर घरात बायका आणि म्हातारी माणसे राहिली. सहकाऱ्याची आत्या चिपळूणहून माहेरपणाला आली होती. तांदूळ निवडताना गोष्टी निघाल्या आणि बोलणे आपोआप सातबाऱ्यावर आले, कारण कोकणात कोणतेही बोलणे शेवटी तिथेच येते. घराभोवतीच्या जमिनीच्या उताऱ्यावर तिसाहून अधिक नावे आहेत. त्यांतली कित्येक माणसे वारली, काहींची वारसनोंद झालेली नाही, आणि जिवंत आहेत त्यांतले निम्मे ही जमीन दाखवू शकणार नाहीत. एक फणस पाडायचा तर सगळ्यांची संमती हवी. जमीन विकली जात नाही याचे श्रेय आपण निष्ठेला देतो, पण त्यात या सामायिक गुंत्याचा वाटा बराच मोठा आहे.

त्या उताऱ्यावर आत्यांचे नाव नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायकाचा हक्क दिला आणि २००५ मध्ये तो देशभर लागू झाला. त्यानंतर वाटपाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी हक्कसोड पत्रावर सही केली. मी जरा आवेशानेच "का केलीत?" असे विचारले. सुपातला खडा बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "सही नसती केली तर आज ओटी भरायला कोण बोलावणार होतं? वाटणी घेतली असती, तर माहेर गेलं असतं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हिशेब होता, आणि तो त्यांच्यापुरता बरोबरही होता. परंतु आपलेपणाचे मूल्य एकाच बाजूने चुकवायचे, तेही कागदावर अंगठा किंवा सही करून, ही रीत फार जुनी आहे, आणि शिमग्याच्या गहिवरात ती सहज झाकली जाते.

झाकल्या जाणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत. पालखीच्या मानपानावरून गावागावांत तंटे होतात आणि सणासुदीला पोलीस बंदोबस्त लावावा लागतो. पहिला मान कोणाचा, याची चर्चा चालू असताना कोणाला कधीच मान नव्हता याची चर्चा क्वचित होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आहे. ज्या खोतांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या वतनदारांच्या, हाताखाली इथली कुळे पिढ्यानपिढ्या राबली, ती खोती रद्द करण्याचे विधेयक त्यांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले. मुंबईला गेलेल्या अनेकांसाठी शहरातली अनोळख हीच मोकळीक होती, कारण तिथे "गाव कुठलं" या प्रश्नामागोमाग दुसरा, अधिक बोचरा प्रश्न येण्याचे भय थोडे कमी होते. गावाची ओढ सर्वांना सारखी असते असे मानणारे लेख वाचताना ही गोष्ट मला नेहमी खटकते.

मंगळवार, रत्नागिरी

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला १८८५ मध्ये मंडाले पडल्यावर इंग्रजांनी पदच्युत केले आणि १८८६ मध्ये इथे आणून ठेवले. टेकाडावरचा हा प्रशस्त वाडा पुष्कळ उशिरा, १९१० मध्ये त्याच्या वाट्याला आला, आणि डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. वाड्यात आता वस्तुसंग्रहालय आहे. लाकडी कलाकुसर, उतरती छपरे आणि अर्धवर्तुळाकार खिडक्यांतून खाली दिसणारी भाट्याची खाडी, हे सगळे देखणे आहे. पण मला तिथे फार वेळ थांबवेना. तीस वर्षे या माणसाला निवृत्तिवेतन मिळाले, नोकरचाकर मिळाले, आणि करण्यासारखे काम एकही मिळाले नाही. सत्ता गेलेल्या राजाला दुःख कशाचे असेल, याचा विचार करताना मला सिंहासनापेक्षा हे रिकामपण अधिक भयंकर वाटले. सकाळी उठून कोणाला काही सांगायचे नाही, कोणाचे काही सोडवायचे नाही, आणि आपण नसलो तरी ज्याचा खोळंबा होईल असे जगात काही उरलेले नाही.

त्याच्या कुटुंबाची पुढची हकिगत अधिक बोलकी आहे. राजाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परत जाता आले, परंतु थोरली राजकन्या रत्नागिरीला परतली. तिची मुलगी इथेच वाढली, इथल्याच माणसाशी तिने लग्न केले, मराठीत संसार केला, आणि राजाची ही नात रत्नागिरीच्या सामान्य वस्तीत हातावर पोट घेऊन म्हातारी झाली. आजोबांना जे गाव शेवटपर्यंत तुरुंग होते, ते नातीला गाव झाले. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीवर आले होते, तेव्हा राजाचे वंशज म्हणून त्यांना भेटणारी माणसे मराठी बोलणारी होती.

दुपारी पतितपावन मंदिरात जाऊन आले. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी पदरच्या पैशाने हे मंदिर बांधले, ते सावरकरांच्या प्रेरणेने, सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत जाता यावे म्हणून. गावातली बाकीची मंदिरे उभी असताना नवे मंदिर बांधावे लागले, यातच सगळे आले.

रात्री लॉजवर बसून टिपणे काढताना एमिल द्युर्केमची आठवण झाली. या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये आत्महत्यांच्या आकडेवारीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि माणसाला समाजाशी बांधणारे धागे सैल झाले की आत्महत्या वाढतात, असे दाखवले. त्याच्या म्हणण्याचा हाच अर्धा भाग पुढे पुन्हा पुन्हा सांगितला जातो. धागे फार आवळले गेले तरीही माणसे जीव देतात, हा दुसरा अर्धा भाग त्यानेच त्याच अभ्यासात मांडला होता. ब्रिटनने २०१८ मध्ये एकाकीपणाचा प्रश्न हाताळण्यासाठी मंत्री नेमला, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी नाके मुरडली आणि एकत्र कुटुंबाचे गोडवे गायले. त्यांना हक्कसोड पत्रावर सही केलेल्या आत्या भेटल्या नसाव्यात, किंवा भेटून दिसल्या नसाव्यात.

बुधवार, देवगड

रत्नागिरीहून राजापूरमार्गे देवगड गाठण्यात अर्धा दिवस गेला. प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. एसटी वेळेवर होती आणि खिडकीची जागा मिळाली.

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांकडे मुक्काम केला. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर एवढ्याच जिल्ह्यांतल्या फळाला ते नाव लावता येते. म्हणजे आंब्यालाही आपले गाव सिद्ध करणारा कागद लागतो आणि त्याला तो मिळालाही आहे. बागेत त्या फळाची काळजी घेणारी माणसे मात्र नेपाळची होती. कोकणातल्या बहुतेक मोठ्या बागांत आता हेच चित्र आहे. मोहोराच्या आधी कुटुंबेच्या कुटुंबे येतात, फवारणी करतात, वानरांपासून राखण करतात, झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या लांब काठीने, आंबे उतरवतात, आणि पावसाच्या तोंडावर बहुतेक जण परततात. मिरकरवाड्यासारख्या बंदरांत मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणूनही नेपाळी माणसे भरपूर आहेत.

या बागेतला राखणदार गेली पुष्कळ वर्षे याच मालकाकडे येतो. त्याची खोपी चिऱ्याची होती, वर पत्रा. तो मला बागेतून फिरवताना कलमांना नावाने हाक मारावी तसे दाखवत होता: हे विहिरीवरले, हे वादळात मोडून पुन्हा फुटलेले, हे एक वर्षाआड धरणारे. देठापाशी आंबा कसा कापायचा, हे त्याने करून दाखवले. देठ पुरता तोडला तर चीक सालीवर ओघळतो आणि तिथे डाग पडून फळाची किंमत उतरते. म्हणून थोडा देठ ठेवून कापायचे आणि फळ अलगद झेल्यात घ्यायचे. हे सांगताना तो हिंदीत सुरुवात करी, मध्येच मालवणीवर जाई आणि बायकोशी नेपाळीत बोले. त्याचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. पटसंख्येअभावी ती शाळा बंद पडू नये म्हणून ज्या मुलांवर गावाची भिस्त आहे, त्यांत हाही मुलगा आहे, असे बागायतदारांनी हसत हसत सांगितले. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्यात असतो, म्हणजे माझ्या अगदी शेजारच्या उपनगरात. तो मे महिन्यात आंबे न्यायला येतो.

गाव कोणाचे, या प्रश्नाचे एकच उत्तर द्यायचे झाले तर माझी इथे पंचाईत होते. सातबारा पुण्यातल्या मुलाच्या नावावर होणार आहे. कोणत्या कलमाला यंदा मोहोर का कमी आला, हे त्या राखणदाराला ठाऊक आहे. गावच्या शिमग्यात मात्र त्याला कोणताही मान नाही, आणि पालखी त्याच्या खोपीपुढे थांबते का, असे मी विचारल्यावर बागायतदार काहीसे अवघडून म्हणाले, "आमच्या अंगणात येते ना, तेव्हा तोही येतो की पाया पडायला."

गुरुवार, आचरा

आचरा गावाला जाण्याचे कारण गावपळण. पळण यंदा नव्हती, पण तिच्याविषयी बोलायला माणसे हवी होती आणि ती भरपूर भेटली. काही वर्षांच्या अंतराने ग्रामदैवत रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाची आज्ञा, झाला की सारे गाव तीन दिवस आणि तीन रात्रींसाठी वेशीबाहेर जाते. माणसे जातातच, पण गुरे, कोंबड्या, कुत्री यांनाही मागे ठेवत नाहीत. जातधर्माचा भेद न करता सगळी घरे रिकामी होतात. लोक वेशीपलीकडे राहुट्या उभारून राहतात आणि परतण्यासाठी पुन्हा कौल घेतला जातो. आचरा हे रामेश्वराला इनाम दिलेले गाव. देव इथे इनामदार आहे आणि त्याच्या नावामागे ती उपाधी लावली जाते. त्या तीन दिवसांत गाव देवाचे आणि त्याच्या गणांचे असते, अशी श्रद्धा आहे.

मंदिराबाहेर नारळाचे दुकान असलेल्या एका आजोबांनी आपल्या मागच्या पळणीची हकिगत सांगितली. त्यांचा आणि चुलतभावाचा बांधावरून दावा चालू आहे, येणेजाणे बंद आहे. पळणीत जागा अपुरी पडली आणि दोघांच्या राहुट्यांची दोरी एकाच माडाला बांधावी लागली. पहिल्या रात्री वाऱ्याने विझू नये म्हणून दोन्ही घरांतल्या बायकांनी मिळून एकच चूल घातली. मी मोठ्या आशेने विचारले की मग दावा मिटला का? आजोबा माझ्याकडे थोड्या कीवेने पाहत म्हणाले, "दावो अजून चालूच आसा. त्या तीन रात्री मात्र चूल एकच होती."

मला हे उत्तर फार आवडले. एकत्र राहण्याने मने जुळतात, असे आपल्याला सांगितले जाते आणि मग ती जुळली नाहीत की आपण निराश होतो. आचऱ्यात कोणी मने जुळायची वाट पाहत नाही. कौल झाला की निघायचे, वैर असेल तर ते बरोबर घेऊन निघायचे. एखाद्या ठिकाणचे होण्यासाठी तिथली माणसे आवडलीच पाहिजेत, ही बहुधा आम्हा शहरी लोकांनी घालून घेतलेली अट आहे. आम्ही शेजार निवडतो, छंदाचे गट निवडतो, मित्र निवडतो, आणि निवडलेले सोडून देण्याची मुभाही राखून ठेवतो. त्यामुळे काहीच पक्के होत नाही.

संध्याकाळी मालवणला जाऊन मुक्काम केला. किल्ल्यावर जाणारी होडी बंद होऊन गेली होती, आणि मलाही चालून चालून कंटाळा आला होता.

शुक्रवार, कुडाळ तालुका

कुडाळजवळच्या एका वाडीत पूजेनिमित्त दशावतार, म्हणजे इथले रात्रभर चालणारे लोकनाट्य, होता. मालवणच्या खानावळवाल्या काकूंनी ओळखीतून कंपनीच्या मालकांना फोन लावून दिला, त्यामुळे मला खेळाआधी रंगपटात बसता आले. रंगपट म्हणजे शाळेच्या पडवीत झावळ्या आणि चादरी बांधून केलेला आडोसा. आत लोखंडी पेटारे, त्यांतून निघालेल्या साड्या, मुकुट आणि तलवारी. कडेला गणपतीची पूजा मांडलेली. प्रत्येक नट आपली रंगभूषा आपणच करतो. राणीचे काम करणारा साधारण तिशीचा तरुण पालथ्या मांडलेल्या डब्यावर हातातला आरसा टेकवून भुवया कोरत होता. त्याच्या तळहातांना सिमेंटने पडलेल्या भेगा होत्या, आणि त्याच बोटांनी तो पापणीच्या कडेला काजळाची रेघ अशी काही ओढत होता की एकदाही ती पुसून पुन्हा काढावी लागली नाही. दिवसा तो गवंडीकाम करतो. याआधी गोव्यात एका हॉटेलात कायम नोकरीला होता. ती का सोडली, असे मी विचारले. "जत्रेच्या दिसांत रजा दिल्यानी नाय म्हणान सोडलंय," तो आरशातून नजर न हलवता म्हणाला. "मी नाय गेलंय तर राणी कोण करतलो?"

दशावतारात लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी मालक कोणते आख्यान लावायचे ते सांगतात, प्रसंगांचा क्रम ठरतो, आणि पुढचे संवाद ज्याने त्याने आपल्या वाचनाच्या आणि समोरच्या नटाच्या भरवशावर रचायचे असतात. त्या रात्री सुरुवातीच्या गणपतीच्या पदापासून पहाटेपर्यंत मी बसून होते. मध्येच राणी आणि राजा यांच्यात पतिधर्मावर वाद पेटला आणि राजाला उत्तर सुचेना, तेव्हा राणीने स्वतःच पुढचा प्रश्न असा वळवून विचारला की उत्तर त्या प्रश्नातच राजाच्या हाती लागले. प्रेक्षकांत बसलेल्या म्हाताऱ्यांनी ही चलाखी लगेच ओळखली आणि राणीला दाद दिली. अर्थपूर्ण जगण्यावरच्या व्याख्यानांत मी "संघभावना" हा शब्द अनेकदा ऐकला आहे; तो कसा दिसतो, ते त्या क्षणी पाहिले.

खेळ संपला तेव्हा उजाडू लागले होते. पेटारे टेम्पोत चढत होते आणि राणी झालेला तरुण खोबरेल तेलाने तोंड पुसत होता, कारण नऊ वाजता त्याला एका घराच्या स्लॅबवर पोहोचायचे होते. मालक फोनवर होते. दुसऱ्या दिवशीच्या नाईटला, म्हणजे रात्रीच्या खेळाला, नारदाचे काम करणारा नट मुंबईला नोकरीच्या मुलाखतीसाठी गेला होता आणि तो परत येईल की नाही, याची खात्री नव्हती. बरीच नावे घेऊन झाली; एक आजारी होता, दुसऱ्याने त्याच रात्रीची दुसऱ्या कंपनीची नाईट घेतली होती. शेवटी मालकांनी पेटारे बांधणाऱ्या टेम्पोच्या चालकाकडे पाहिले. मी चकित होऊन विचारले की यांना संवाद येतात का? मालक म्हणाले, "दहा वर्सा रोज ऐकता हा, येतले नाय तर जातले खंय?"

चालकाने दोरीची गाठ आवळली, हात झटकले आणि आधी व्यवहाराचे बोलून घेतले. "गाडयेचा भाडा वेगळा आणि नारदाची नाईट वेगळी, ह्या आत्ताच सांगतंय."